लिनिया टी-जेट, नागपूर: जानेवारी ते एप्रिलची नोंद

जानेवारी, पहिला आठवडा

हातात अडीच लाख आहेत आणि गाडी घ्यायची ती इटालियनच, चार दरवाज्यांची, टर्बो पेट्रोल. या पैशांत आपल्याकडे एकच नाव उरतं, फियाट लिनिया टी-जेट. फियाटच्याच जुन्या सिएना १.६ चा विचार दोन दिवस केला, पण धड अवस्थेतली सिएना विदर्भात मला तरी दिसली नाही.

आजोबांच्या घरी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० वरून कुर्ल्यात बनलेली ती गाडी, स्टिअरिंगशेजारच्या गिअरच्या दांड्यासकट, माझ्या लहानपणाचा भाग आहे. त्यामुळे हे नाव आमच्या घरात कुणाला परकं नाही. लिनिया फियाटच्याच ग्रँड पुंटोच्या पायावर उभी राहिली, २००७ मध्ये तुर्कस्तानात बुर्साला तयार व्हायला लागली आणि जानेवारी २००९ मध्ये आपल्याकडे आली ती पुण्याजवळच्या रांजणगावची होऊन. टी-जेट २०१० ची. १३६८ सीसी, ११४ पीएस, २२०० आरपीएमला २०७ एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. डिझेल मल्टिजेटचा टॉर्क कागदावर जवळपास तेवढाच आहे, पण दोन्ही एकामागोमाग चालवून पाहा. मल्टिजेट पुढे ढकलते आणि तिचा जोर लवकर संपतो. टी-जेट २००० पर्यंत शांत असते आणि त्यानंतर वरपर्यंत ओढतच राहते. त्यात हायड्रॉलिक स्टिअरिंग. रस्ता हाताला कळतो, आणि मला हवं आहे ते हेच.

पैशांची वाटणी आजच वहीत लिहून ठेवली: गाडीला जास्तीत जास्त १,७५,०००, दुरुस्तीला ७५,०००. दुसऱ्या आकड्याला गाडीच्या किमतीसाठी हात लावायचा नाही. पुंटो आणि लिनिया दोन्ही बीएस-६ च्या (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) आधीच बंद झाल्या, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जुनीच. कितीही चांगली मिळाली तरी पहिल्या तीन महिन्यांत ती पैसे मागणार.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली. नागपुरात जुनी टर्बो घ्यायची तर रंग, सीट, टेप हे सगळं नंतर. आधी पाहायचं ते गाडी तापल्यावर स्वतःला थंड कशी करते ते. इथे मे महिन्यात सावलीत ४५ अंश होतात. पुण्यात किंवा नाशकात वर्षानुवर्षं लपून राहणारा बिघाड सीताबर्डीच्या एका सिग्नलवर बाहेर येतो.

जानेवारी, तिसरा आठवडा

पहिली गाडी नागपुरातलीच, एमएच-३१, पांढरी, २०१०. कामठी रोडवरच्या एका दलालाकडे. पॉलिश अशी की चेहरा दिसावा. "भाऊ, कडक गाडी आहे, पाहायची गरजच नाही." मी बॉनेटवर हात ठेवला तर गरम. सकाळचे साडेनऊ, आणि आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं की थंड इंजिनच सुरू करून पाहायचं आहे. तरी पंधरा मिनिटं एसी लावून जागेवर चालू ठेवली. रेडिएटरचा पंखा एकदाही फिरला नाही. कूलंटच्या डब्यात हिरवं पाणी. या इंजिनाला फियाट लाल रंगाचं पॅराफ्लू सांगते. हिरवं दिसलं म्हणजे कुणीतरी जे हाताशी होतं ते ओतलं आहे. निघून आलो.

दुसरी अमरावतीची. तिच्याबद्दल एवढंच की तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पुढून हवा निसटल्यासारखा फुस्स आवाज येत होता. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी पाइप फाटला असणार. हा बिघाड स्वस्तात सुटतो, त्यासाठी मी गाडी सोडली नसती. पण आरसी बुकावर अजून बँकेचा बोजा होता आणि मालकाकडे ना बँकेचं पत्र, ना बोजा उतरवायचा फॉर्म ३५. कागद नाहीत तिथे थांबण्यात अर्थ नाही.

९ फेब्रुवारी, चंद्रपूर

पहाटे निघालो. बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती. थंडी संपत आली होती, शेतांत हरभरा उभा होता.

गाडी कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकांची. एमएच-३४, २०११, गडद राखाडी, ६८,००० किलोमीटर. काका फाटकातच उभे होते. "तुम्ही सांगितलं होतं ना, म्हणून काल संध्याकाळपासून हात नाही लावला गाडीला. तुम्हीच सुरू करा."

थंड इंजिन एका फटक्यात सुरू झालं. सुरुवातीची किंचित खडखड दोन सेकंदांत गेली, मागे निळा धूर नाही. मग मी माझा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलला देणारं छोटं यंत्र) लावला आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघत बसलो. काकांनी चहा आणला आणि तेही शेजारच्या सीटवर बसून आकडा बघू लागले. ४०, ६०, ८०, मग ८९ वर थर्मोस्टॅट उघडल्याचं स्पष्ट दिसलं, कारण आकडा दोन अंश खाली येऊन स्थिरावला. एसी लावला. इथे गडबड निघाली. एसी लावल्यावर थोड्या वेळात पंखा मंद गतीनं फिरायला हवा. तो गप्प. आकडा ९५, ९८, १०१. १०३ ला पंखा एकदम पूर्ण गतीनं, मोठ्या आवाजात सुरू झाला आणि मिनिटभरात तापमान खाली आलं.

हे ऐकून मला निराश व्हायला हवं होतं, पण उलट झालं. पुंटो-लिनियाच्या पंख्याला दोन गती असतात आणि मंद गती एका रेझिस्टरमधून चालते. तो जळतो, हे या गाड्यांचं ठरलेलं दुखणं आहे. वेगवान गती शाबूत आहे म्हणजे मोटर चांगली, सेन्सर चांगला. कूलंट लालच होतं, डब्याच्या झाकणाखाली तेलाचा तवंग नाही, तेलाच्या झाकणाखाली पांढरा साय-थर नाही. म्हणजे हेड गॅस्केटची (इंजिनात पाणी आणि तेल वेगळं ठेवणाऱ्या पट्टीची) काळजी नाही. काकांना रेझिस्टरचं माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटायचं एवढा आवाज असतेच तिचा."

त्यांच्याकडे फाइल होती. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं, पिवळी पडलेली, तारखेनं लावलेली. टायमिंग बेल्ट बदलल्याचं एकच बिल, ४१,००० किलोमीटरचं, आठ वर्षांपूर्वीचं. टायर जाड दिसत होते पण बाजूचे शेवटचे चार आकडे ३४१६, म्हणजे २०१६ चा चौतिसावा आठवडा. या दोन गोष्टी दाखवून मी भाव बोललो. त्यांचे २,१०,००० होते. १,७५,००० वर आले. पैसे हातात घेताना त्यांनी चावीवरचा महाकालीचा छोटा बिल्ला काढून घेतला, मग पुन्हा लावून दिला आणि म्हणाले, "राहू दे तिच्याजवळ."

मार्च: कागद

कागदांबद्दल थोडक्यात. राज्य तेच असल्यामुळे नंबर बदलत नाही, पण चंद्रपूरच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), फॉर्म २८, लागतेच. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, विमा आधी नावावर. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यामुळे एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेटही बसवून घेतली. २०११ च्या गाडीचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट धरायची: १५ वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी तपासणी आणि पर्यावरण कर. तो खर्च मी किमतीत धरलेला नव्हता. तुम्ही धरा.

मार्च-एप्रिल: गॅरेज

पहिलं काम बेल्टचं. टी-जेट फियाटच्या 'फायर' घराण्यातलं इंजिन आहे, १९८५ मध्ये ऑटोबियांकी वाय-१० मध्ये पहिल्यांदा बसलेलं. जुनं, साधं, हलकं. पण या १६ व्हॉल्व्हच्या इंजिनाचा पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. म्हणून पट्टा, टेन्शनर, पंप एकत्रच. किट दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवलं.

आमचे मिस्त्री हाताचे फार चांगले आहेत, त्यांनी माझ्या आधीच्या दोन गाड्या सांभाळल्या. तेही म्हणाले, "भाऊ, पांढऱ्या खुणा करतो अन् तशाच बसवून देतो. काही होत नाही त्याले." इथे मी अडून बसलो. या इंजिनाचे कॅमशाफ्ट जागेवर लॉक करायला खास हत्यार लागतं, आणि खुणेनं बसवलेला पट्टा एखादा दात इकडचा तिकडे झाला तर इंजिन चालतं पण जीव लावून चालत नाही. पुण्यातल्या एका लिनियावाल्या मित्रानं त्याचं हत्यार कुरियरनं पाठवलं. ते पोचायला नऊ दिवस लागले, तेवढे दिवस गाडी रॅम्पवर. मिस्त्री आधी नाराज होते. हत्यार लावून पट्टा बसवल्यावर त्यांनी स्वतः दोनदा इंजिन हातानं फिरवून खात्री केली आणि मला म्हणाले, "हे बरोबर झालं. तुमचं ऐकलं ते चांगलं केलं." जुन्या पंपाच्या बेअरिंगला बोटानं हलवलं तर जाणवेल इतकी ढील होती. या उन्हाळ्यात तो गेलाच असता.

मग पंखा. रेझिस्टरपर्यंत पोचलो तर त्याचा कनेक्टर वितळून काळा गोळा झालेला. मिस्त्री म्हणाले, "दोन स्पीडचा पंखा असते ना, त्यातली एक मेली." नुसता रेझिस्टर बदलू नका. कनेक्टर आणि त्यामागची चार बोटं वायरही बदला, नाहीतर सैल पिनांवर पुन्हा तेच होतं. बसवल्यावर एसी लावला आणि पंख्याची ती हलकी घरघर सुरू झाली. मिस्त्री आणि मी दोघंही बॉनेटपाशी उभे राहून ऐकत होतो.

पुढच्या लोअर आर्मचे बुश गेले होते. वर्धा रोडच्या सिमेंटवर प्रत्येक सांध्याला टक् टक् यायची, डांबरी रस्त्यावर कदाचित महिनोन्‌महिने कळलंही नसतं. पुंटोचे आणि लिनियाचे बरेच सुटे भाग दिसायला सारखे असतात, तरी पार्ट नंबर जुळवल्याशिवाय काही मागवू नका. माझी एक लिंक रॉड चुकीची आली आणि परत पाठवावी लागली.

खर्च: बेल्ट किट आणि पंप १४,५००, मजुरी ६,०००, रेझिस्टर आणि वायरिंग २,२००, लाल कूलंट आणि दोन होज ३,४००, लोअर आर्म ९,८००, प्लग २,८००, ५डब्ल्यू-४० सिंथेटिक तेल आणि फिल्टर ४,२००, चार टायर २६,०००. एकूण ६८,९००. राखीव पैशांतले ६,१०० उरले आहेत.

२६ एप्रिल, समृद्धी

दुपारी एक वाजता मुद्दाम निघालो. मोबाइल ४३ अंश दाखवत होता. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलो आणि वर्ध्यापर्यंत जाऊन आलो. ताशी १०० वर एसी पूर्ण लावून कूलंट ९० ते ९२, सरळ रेष. चौथ्या गिअरमध्ये २२०० च्या पुढे पाय दाबला तेव्हा ती जी ओढ लागली, त्यासाठी मी जवळजवळ चार महिने वाट पाहिली होती. १२० ची मर्यादा फार लवकर येते. पाय काढला. टायर नवे असल्यामुळे मन निश्चिंत होतं. या काँक्रीटवर उन्हात जुने टायर घेऊन कुणी जाऊ नये.

उतरल्यावर एक मिनिट जागेवर चालू ठेवून मग बंद केली. टर्बोचं बेअरिंग तेलावर तरंगतं, तापलेल्या टर्बोचं तेल एकदम थांबवायचं नाही. ही सवय आता घरातल्या सगळ्यांना लावली आहे.

परत येताना व्हरायटी चौकातून आलो. पाचची वेळ, तीन सिग्नल हललोच नाही. ९४. ९६. ९७ ला पंखा मंद सुरू झाला, ९८ ला आकडा थांबला आणि हळूहळू खाली उतरला. १०३ कुठेच दिसला नाही.

नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) २५ मेला लागतो. तेव्हा हीच फेरी, हीच वेळ, चार माणसं बसवून. मागच्या डाव्या दरवाज्याचं कुलूप कधीकधी अडकतं, ते तोवर उघडून पाहतो.