घरं नाही, चुली मोजा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठी लोक झोपेत असतानाच घरांत पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही रेड क्रॉसचे स्वयंसेवक अशाच एका वस्तीत मदतीचे संच घेऊन पोचलो. घरांच्या मानाने संच बरेच कमी होते. 'सगळ्यांना सारखं द्या' ही मागणी गल्लीच्या तोंडाशीच कानावर आली.

रेड क्रॉसची सात तत्त्वं १९६५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत मान्य झाली: मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता, वैश्विकता. त्यातल्या निःपक्षपाताचा अर्थ सरसकट समान वाटप असा नाही. जात, धर्म, पक्ष बघायचा नाही. गरज मात्र बारकाईने बघायची, आणि ज्याची निकड मोठी त्याला आधी द्यायचं. म्हणून गाठोडी सोडण्याआधी पाहणी. दोघांची जोडी, त्यात एक तरी बाई, कारण काही गरजा पुरुषासमोर सांगितल्याच जात नाहीत. भिंतीवर गाळाची रेघ कुठवर आहे? धान्य भिजलं का? घरात तान्हं मूल, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं कुणी? आणि चुली किती? घरमालकाच्या नावाने यादी केली की भाडेकरू गळतात. एकाच दाराआड तीन कुटुंबं वेगवेगळी रांधत असतात. एका चुलीला एक टोकन, अर्धं त्यांच्याकडे, अर्धं यादीला. नातेवाइकांकडे निघून गेलेल्यांसाठी थोडे संच वेगळे काढून ठेवायचे. हे केलं नाही तर जे सगळ्यात जास्त बुडाले तेच रिकाम्या हाताने परततात.

टोकन देताना प्रत्येक दारात सांगावं लागतं की ही सरकारी पंचनाम्याची चिठ्ठी नव्हे. नाहीतर पंचनामा झाला असं धरून लोक कुलूप लावून जातात आणि तलाठी येऊन परत जातो.

दुपारी एक स्थानिक कार्यकर्ते आले. हातात स्वतःची यादी, मागे पोरांकडे गुंडाळलेलं बॅनर. "भाऊ, आमच्या मंडपातच वाटून टाका ना. पोरं लावून देतो, रांग सांभाळतील." गणपतीचे दिवस, मंडप आयता आणि कोरडा. तरी नाही म्हटलं. तिथे रांग लावली असती तर वस्तीतला दुसरा गट फिरकलाच नसता. यादी मात्र आम्ही घेतली, तेच प्रश्न विचारून पडताळली, आणि आमच्या नजरेतून सुटलेल्या काही चुली त्यात खरोखरच सापडल्या. वस्तीची माहिती त्यांना आमच्याहून जास्त असते, हे मान्य करायला हवं.

भारतीय रेड क्रॉस १९२० च्या कायद्याने स्थापन झाली. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष, आणि सरकारच्या मदतकार्याला हातभार लावणं हे तिचं काम. त्यामुळे सात तत्त्वांपैकी पाळायला सगळ्यात अवघड मला स्वातंत्र्यच वाटतं. महापालिकेची शाळा वापरू, पण यादी आणि क्रम आमचाच राहील, इतपत रेषा तरी आखावीच लागते. वाटप त्या शाळेतच केलं. आत यायचं दार वेगळं, बाहेर जायचं वेगळं, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या पुढे. ट्रकवरून कधीच वाटू नये. दांडगे पुढे घुसतात आणि पोरं चेंगरतात.

मधल्या वेळात बरीच माणसं जवळच्या एका दवाखान्यापुढे थांबली होती, कारण पाटीवर लाल क्रॉस, म्हणजे वाटप तिथेच असेल असं त्यांना वाटलं. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय हे चिन्ह वापरता येत नाही. दंड मात्र फक्त ५०० रुपयांपर्यंत, त्यामुळे पाटी बदलायची घाई कुणालाच नसते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाणी शुद्ध करायला शिकवण्यात. आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेली अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची गोळी २० लिटर पाण्याला पुरते. पण पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो आणि जंतू उरतात. आधी पाणी निवळू द्यायचं, चौपदरी फडक्याने गाळायचं, मग गोळी टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. गोळी गिळायची नाही, हे तर आवर्जून सांगायचं. सांगितल्यावरही एका आजींनी विचारलंच, "जेवणाआधी घ्यायची का जेवल्यावर, बेटा?" मग आम्ही नुसतं पाकीट हातात देणं बंद केलं आणि पहिली गोळी ज्याच्या त्याच्या बादलीत स्वतः टाकून दाखवू लागलो.