कासच्या धुक्यात फोकस लावताना

सप्टेंबरात कासला मॅक्रो लेन्स घेऊन जाणाऱ्याची गाठ आधी धुक्याशी पडते. यवतेश्वरच्या घाटात सातारा लख्ख दिसत होतं, पठारावर मात्र दहा पावलांपुढचं दिसेना. शटर अर्धं दाबलं की लेन्स नुसती मागेपुढे फिरत राही.

ऑटोफोकसला काहीतरी ठळक कड लागते. त्याच्या दोन पद्धती: फेज डिटेक्शन लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश ताडून बघतं, कॉन्ट्रास्ट डिटेक्शन लेन्स सरकवत सर्वांत ठळक प्रतिमा शोधतं. धुकं नेमकी ती कडच पुसतं. म्हणून मी मधला एकच फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेरा जिथे फोकस शोधतो तो चौकोन, निवडला आणि जिथे गेंदाच्या फुलाचा पांढरा गोंडा ओल्या काळ्या कातळासमोर आला होता, तिथे त्याच्या कडेवर धरला. लगेच फोकस बसला.

‘सीतेची आसवं’ नावाच्या फुलांनी खरा घाम काढला. फूल नखाएवढं, दांडा दोऱ्यासारखा, त्यात वारा. फोकस पॉइंटचा चौकोन फुलाहून मोठा, त्यामुळे कॅमेरा हमखास मागचं गवत पकडायचा. लेन्सवरचं लिमिटरचं बटण (लेन्सने किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं) जवळच्या अंतरावर सरकवल्यावर लेन्सची निष्कारण धावाधाव थांबली, तरी फूल काही सापडेना. शेवटी ऑटोफोकस बंदच केला. ट्रायपॉड खाली बसवला, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, फूल दहापट मोठं करून हाताने रिंग फिरवली आणि वारा पडायची वाट बघितली. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लाइफ साइजला, म्हणजे सेन्सरवर फुलाची प्रतिमा फुलाएवढीच पडते तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ 8 इतकं लहान ठेवूनही जेमतेम 1 मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. तिथे फूल जरासं डुललं तरी फोटो गेला. बर्स्टमधला, म्हणजे सलग झटपट काढलेल्या फोटोंतला, एखादाच नीट येतो, पण तो आला की सगळा वेळ वसूल.

हे सगळं पायवाटेवरूनच केलं. फोकस बसत नाही म्हणून फुलांत पाय टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. 2012 पासून हे पठार जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी ती फुलं तुडवायची नाहीतच.

परतताना कास तलावाशी वेगळीच अडचण आली. काठाची आडवी रेघ चांगली ठळक होती, तरी कडेच्या पॉइंटवर फोकस लागेना. माझ्या जुन्या डीएसएलआरचे कडेचे पॉइंट फक्त उभ्या रेघा ओळखतात, आडव्या-उभ्या दोन्ही फक्त मधला. कॅमेरा उभा धरला, फोकस लॉक केला, बोट न उचलता पुन्हा आडवा केला आणि फोटो घेतला.