चिंगीसोबत कोन्स्टान्झ: तळ्याकाठचे चार दिवस

चिंगी नऊ वर्षांची आहे. गावठी कुत्री, लालसर रंगाची, एक कान ताठ आणि दुसरा अर्धा मुडपलेला. भारतातून आमच्यासोबत जर्मनीत आली, त्याला आता पाच वर्षं झाली. तिला फटाक्यांची भीती वाटते, फरशी गुळगुळीत असली की ती जागची हलत नाही, आणि पाण्याशी तिचा संबंध वाडग्यापुरताच होता. तिला घेऊन बोडेनझे या मोठ्या तळ्याच्या काठी चार दिवस राहायचं ठरवलं तेव्हा ‘तळ्यावर कुत्र्याला न्या, मज्जा येईल’ एवढंच सगळ्यांनी सांगितलं. जे कुणी सांगितलं नाही ते इथे लिहिते.

कोन्स्टान्झ जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला आहे, स्वित्झर्लंडला खेटून. साधारण पंचाऐंशी हजार वस्तीचं शहर. आल्प्समधून आलेली ऱ्हाइन नदी इथे मोठ्या तळ्यातून बाहेर पडते, शहराच्या मधून वाहते आणि खालच्या तळ्याला मिळते. कुत्रा सोबत असलेल्या माणसासाठी या शहराची सगळ्यात मोठी सोय म्हणजे रेल्वे स्टेशन. एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला बंदर. गाडीतून उतरून रुळांखालच्या भुयारी वाटेने पलीकडे गेलात की समोर पाणी. लांबच्या प्रवासाने अवघडलेल्या कुत्र्याला आणखी बसमध्ये चढवावं लागत नाही.

आम्ही ब्लॅक फॉरेस्टमधून जाणाऱ्या रेल्वेने आलो. जर्मन रेल्वेत पेटीत मावणारा छोटा कुत्रा फुकट जातो. मांजरापेक्षा मोठ्या कुत्र्याला तिकीट लागतं, पट्टा लागतो आणि नियमाप्रमाणे मुसकंही लागतं. तुमच्याकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे स्थानिक गाड्यांचा देशभर चालणारा महिन्याचा पास, असला तरी कुत्रा त्यात धरलेला नसतो, त्याचं तिकीट वेगळं विचारून काढा. मुसकं प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आम्ही तीन आठवडे आधीपासून रोज दोन मिनिटं, आत चीजचा तुकडा ठेवून सवय लावली. तरीही पहिल्या बोगद्यात ती थरथरली. ही गाडी डोंगरात बोगद्यामागून बोगदे पार करत जाते आणि दर वेळी कानावर दाब येतो. आवाजाला घाबरणारं जनावर असेल तर दारापासून लांब, डब्याच्या मधल्या भागात बसा आणि त्याची रोजची सतरंजी पायाशी अंथरा.

मुक्काम नदीपलीकडे, पेटर्सहाउझेन भागात होता. खोली घेताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: कुत्र्याचे रोजचे वेगळे पैसे किती, त्याला खोलीत एकटं ठेवलेलं चालतं का, आणि लिफ्ट आहे का. तिसरा प्रश्न आम्हाला अनावश्यक वाटला होता. शनिवारनंतर तो सगळ्यात महत्त्वाचा ठरला. नोंदणी झाल्यावर पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर शहरातल्या बस फुकट असतात. कुत्र्याचं मात्र बसमध्ये विचारा.

पहिल्या सकाळी साडेपाचला बाहेर पडलो. जूनमध्ये तेव्हा लख्ख उजेड असतो. ऱ्हाइनचा पूल ओलांडून निडरबुर्ग नावाच्या सगळ्यात जुन्या भागात शिरलो. अरुंद बोळ, थंड भिंती, पायाखाली दगडी फरसबंदी आणि माणूस नाही. चिंगीने प्रत्येक कोपरा हुंगला, आम्ही तिच्या वेगाने चाललो. दुसऱ्या महायुद्धात हे गाव बाँबहल्ल्यांतून वाचलं. स्वित्झर्लंडचं क्रॉइट्सलिंगेन शेजारीच दिवे लावून बसायचं, तसेच इथलेही दिवे चालू ठेवले, त्यामुळे वरून हद्द कळत नव्हती, असं सांगितलं जातं. म्हणून सहाशे-सातशे वर्षांची घरं अजून उभी आहेत. हेच बोळ अकरा वाजता बघायला गेलात तर कुत्र्याचे हाल होतात, आणि शनिवारी तर जाऊच नका. शनिवारी स्वित्झर्लंडहून खरेदीला माणसांचे लोंढे येतात, कारण इकडे वस्तू स्वस्त पडतात. त्या गर्दीत कुत्र्याच्या उंचीवर फक्त पिशव्या आणि ट्रॉल्यांची चाकं असतात.

बंदरावर 1388 साली बांधलेली कोन्झिल नावाची प्रचंड इमारत आहे, मूळची व्यापाऱ्यांची वखार. 1414 ते 1418 या काळात भरलेल्या धर्मपरिषदेत 1417 साली नव्या पोपची निवड याच इमारतीत झाली. याच परिषदेने यान हुस या चेक धर्मसुधारकाला 1415 साली जिवंत जाळलं. समोर धक्क्याच्या टोकाला इम्पेरिया उभी आहे: नऊ मीटर उंच, अठरा टन वजनाची, स्वतःभोवती सावकाश फिरणारी स्त्री, तळहातांवर दोन उघडी माणसं तोलणारी. पेटर लेंक या शिल्पकाराने 1993 मध्ये ती उभारली. चिंगी तिच्या पायथ्याशी आडवी झाली आणि आम्ही इम्पेरियाचे दोन फेरे होईपर्यंत बसून राहिलो. सकाळी सहाला हा धक्का तुमचा एकट्याचा असतो. कॅथेड्रलमध्ये कुत्रा नेता येत नाही, तिथे आम्ही पाळीपाळीने गेलो.

शुक्रवारी माइनाऊ बेटावर गेलो. पंचेचाळीस हेक्टरांचं बागांचं बेट, काठाला पुलाने जोडलेलं. पट्टा लावून कुत्रा नेता येतो, फुलपाखरांच्या काचघरात मात्र नाही. संध्याकाळकडे जा. बेट सूर्यास्तापर्यंत उघडं असतं, दिवसभराच्या बसगाड्या परत गेलेल्या असतात आणि उंच जुन्या झाडांखाली जमीन गार असते. जूनमध्ये गुलाब भरात होते. चिंगीला गुलाबांपेक्षा पुलाखालची बदकं जास्त आवडली, आणि तिथे मला पट्टा हाताला दोनदा गुंडाळावा लागला. पिल्लं असलेला हंस कुत्र्यावर धावून येतो, पंख पसरून आणि फिस्कारत. त्याला रस्ता द्या, तुम्ही मागे व्हा.

आता शनिवार. नदीच्या उत्तरेकडून झेश्ट्रासे नावाचा किनाऱ्याचा रस्ता हॉर्न नावाच्या टोकाकडे जातो. झाडांची सावली, एका हाताला पाणी, तासाभराची निवांत चाल. टोकाला सार्वजनिक स्नानतीर आहे. अशा ठिकाणी पोहण्याच्या हंगामात कुत्र्यांना सहसा मनाई असते, म्हणून ‘हुंडे फरबोटन’ या शब्दांवर लक्ष ठेवा. ‘लाइनेनप्फ्लिश्ट’ म्हणजे पट्टा सक्तीचा. आम्ही स्नानतीर ओलांडून पुढे गेलो आणि लोरेटो जंगलाच्या बाजूला एक मोकळा, गोट्यांचा काठ सापडला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आल्प्समधलं बर्फ वितळून तळं वर चढतं, त्यामुळे कोरडा काठ जेमतेम दोन पावलं उरला होता. मी चपला काढून पाण्यात गेले. चिंगी काठावर कुईकुई करत राहिली, आणि मग माझ्यामागे आली. आधी घोट्यापर्यंत, मग पोटापर्यंत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही.

बाहेर आली तेव्हा गोट्यांवर रक्त दिसलं. पुढच्या डाव्या पंजाची गादी जवळजवळ दोन सेंटिमीटर चिरली होती.

कारण शिंपले. या तळ्यात 2016 मध्ये क्वागा नावाचा परका शिंपला पहिल्यांदा आढळला आणि झपाट्याने पसरला. त्याचा भाऊबंद झेब्रा शिंपला तर काही दशकांपासून आहे. नखाएवढे हे शिंपले पाण्यातल्या दगडांना गुच्छाने चिकटतात आणि त्यांच्या फुटलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात. माणसं इथे पाण्यातले बूट घालून उतरतात, हे मी दोन दिवस बघत होते. कुत्र्याला पंजे असतात म्हणजे त्याला बूट नकोत, असं मी धरून चालले. तुम्ही धरू नका.

अशा वेळी काय करायचं ते लिहून ठेवते. पिण्याच्या पाण्याने जखम धुवा, तळ्याच्या नाही. स्वच्छ गॉज दाबून धरा आणि पाच-सात मिनिटं उचलून बघू नका. कापूस लावू नका, तंतू अडकतात. बोटांच्या मधे थोडं मऊ कापड ठेवून सैलसर पट्टी बांधा आणि वरून मोजा चढवा. तासाभराने मोजा उतरवल्यावर पट्टीबाहेरची बोटं सुजलेली दिसली तर पट्टी घट्ट झाली आहे. चिंगी सोळा किलोची, आम्ही तिला आळीपाळीने उचलून बसपर्यंत आणलं.

शनिवार दुपार, म्हणजे नेहमीचे दवाखाने बंद. जर्मनीत पशुवैद्याला टीरआर्त्स्ट म्हणतात आणि सुट्टीच्या वेळेतल्या सेवेला नोटडीन्स्ट. त्या दिवशी पाळी कुणाची हे फोन करूनच कळतं, काही ठिकाणी बंद दवाखान्याच्या आन्सरिंग मशीनवर सांगतात. आम्हाला पहिल्या ठिकाणी ‘आज घेत नाही’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी लगेच बोलावलं. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत आणि रात्री उपचारांचे दर किमान दुप्पट असतात, वर 50 युरो आणीबाणीची फी आणि त्यावर कर. हे सरकारी दरपत्रकातच आहे, डॉक्टर तुम्हाला लुबाडत नसतात. टाके लागले नाहीत, नीट साफ करून पट्टी बांधली. मुक्कामाला पोचल्यावर पहिल्याच दिवशी जवळच्या दोन दवाखान्यांचे नंबर फोनमध्ये घ्या. आम्ही ते रक्त थांबवता थांबवता शोधत होतो.

डॉक्टरांनी निघताना विचारलं की तिने तळ्याचं पाणी पिऊन उलटी केली का. नव्हती केली. पण प्रश्न का विचारला ते समजून घ्या. उन्हाळ्यात साचलेल्या, उथळ पाण्यात निळंहिरवं शेवाळ माजतं, आणि त्याच्या काही जातींचं विष कुत्र्याला तासाभरात मारू शकतं. 2020 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या नोशातेल तळ्यावर सहा कुत्रे असे गेले. माणूस पोहून अंग पुसतो, कुत्रा अंग चाटतो, म्हणून विष त्याच्या पोटात जास्त जातं. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग दिसला, काठाला गोळे किंवा फेस साचलेला दिसला, तर तिथे पंजाही बुडवू देऊ नका. बोडेनझेचं पाणी एरवी इतकं स्वच्छ आहे की आसपासच्या लाखो लोकांना तेच पिण्यासाठी मिळतं. पण वारा एका बाजूला शेवाळ ढकलतो आणि तोच काठ त्या दिवशी धोक्याचा होतो. पोहून आल्यावर नळाच्या स्वच्छ पाण्याने कुत्रा धुवा, आणि लाळ गळणं, तोल जाणं, झटके यांपैकी काही दिसलं तर थांबू नका.

शेवाळाइतकीच गोचीड महत्त्वाची. कोन्स्टान्झ ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा जवळजवळ सगळा भाग गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीचा धरला जातो. औषध आधी लावा आणि रोज संध्याकाळी कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवा. स्वतःच्या पायांवरूनही.

रविवारी चालणं बंद होतं, म्हणून श्टाड धक्क्यावरून मेर्सबुर्गला जाणाऱ्या गाड्यांच्या फेरीबोटीत बसलो. ही बोट 1928 पासून चालते, दिवसरात्र, पंधरा मिनिटांचा प्रवास. पायी प्रवाशांनाही घेते. चिंगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून वारा खात होती. मेर्सबुर्गला उतरलोच नाही, तीन वेळा इकडून तिकडे केलं. तळ्याच्या काठी जागोजागी नारिंगी दिवे असतात: मिनिटाला चाळीस वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, नव्वद वेळा म्हणजे वादळ. परतीच्या वेळी ते सुरू झाले आणि अर्ध्या तासात आभाळ काळं झालं. आवाजाला घाबरणारा कुत्रा सोबत असेल तर हे दिवे दिसताच मुक्कामाकडे वळा. तसंच, ऑगस्टमध्ये इथे तळ्याचा मोठा उत्सव असतो, आतषबाजीची परंपरा असलेला. त्या शनिवार-रविवारी येऊ नका.

एक गोष्ट राहिली, सरहद्दीची. बंदराच्या दक्षिणेला चालत गेलात की कुंपणच नाही, 2006 मध्ये ते काढलं. त्याजागी योहानेस ड्योर्फलिंगर यांची टॅरो पत्त्यांवर बेतलेली बावीस शिल्पं ओळीने उभी आहेत. दोन शिल्पांमधून पाऊल टाकलं की तुमचा कुत्रा दुसऱ्या देशात गेला, तोही युरोपीय संघाबाहेर. कुणी अडवलं नाही तरी चिप, चालू असलेली रेबीजची लस आणि युरोपीय पेट पासपोर्ट जवळ हवाच. लस पहिल्यांदा दिली असेल तर एकवीस दिवस जावे लागतात. तुमचा फोनही गुपचूप स्विस नेटवर्क पकडतो, रोमिंग बंद करून ठेवा. आणि भारतातून कुत्रा आणणाऱ्यांनी, किंवा सुट्टीत भारतात नेणाऱ्यांनी, हे लक्षात ठेवावं: परत येताना रेबीजची रक्ततपासणी लागते, प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान 0.5 युनिट. भारतात तपासणी केली तर रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. इथून निघण्याआधीच करून पासपोर्टात नोंदवली तर ती तीन महिन्यांची वाट वाचते. चिंगीला आणताना आम्ही ते तीन महिने काढलेत.

सोमवारी पहाटे नदीच्या काठी बाकावर बसलो. पट्टी ओली होऊ नये म्हणून पंजावर पिशवी बांधली होती. ती पाण्याकडे ओढत होती, आणि तिला थांबवताना मला वाईट वाटलं. सप्टेंबर सरल्यावर, पोहण्याचा हंगाम संपला की परत जायचं ठरलंय. घरी येऊन तिच्या पायाची मापं घेतली, कागदावर पंजा टेकवून, पूर्ण वजन टाकलेलं असताना. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे भरले, त्यामुळे बूट दोन मापांचे मागवलेत. सध्या रोज संध्याकाळी दोन मिनिटं घालून घरात चालवतोय.