बोरीचं खाजन आणि माणसाचा स्वभाव

पावसाळ्यात गोव्यातल्या बोरीच्या पुलाजवळ गाड्या थांबतात. माणसं उतरतात, हिरव्यागार भाताचे फोटो काढतात आणि "निसर्ग म्हणावा तर हा!" असं एकमेकांना सांगतात. मी बोरीचा. शाळेत जीवशास्त्र शिकवतो. ते शेत, म्हणजे आमचं खाजन, हे एक यंत्र आहे, हे मला ठासून सांगायचं आहे.

भरतीला जुवारी नदीचं खारं पाणी त्या शेताच्या पातळीहून वर चढतं. ते आत शिरत नाही, कारण मध्ये चिखल, चिरे आणि पेंढा घालून रचलेला बांध आहे. बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी नि सोडणारी दारं बसवलेली मोरी. मानशीची लाकडी दारं अशी टांगलेली असतात की भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून नदीत निघून जातं. दिवसातून दोनदा, विजेशिवाय. हे यंत्र चालवतो चंद्र! आत कोरगूट नावाचं भात पिकतं, कारण ते थोडा खारेपणा सोसतं. ते बियाणंही माणसांनीच पिढ्यान् पिढ्या निवडून टिकवलेलं. गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे. बांध काढा, तिथे भात उरणार नाही.

उत्क्रांतीचा धडा आला की मुलं म्हणतात, "सर, आधी माणूस नैसर्गिक होता, मग तंत्रज्ञान आलं." मी त्यांना केनियातल्या तुर्काना सरोवराकाठचं लोमेक्वी सांगतो. तिथली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची. आपल्या 'होमो' या प्रजातीचा आजवर सापडलेला सर्वांत जुना अवशेष, इथिओपियातला जबडा, २८ लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे हत्यार आधीचं, आपण नंतरचे. दगडानं ठेचलेलं, विस्तवावर शिजवलेलं अन्न खाऊन आपले दात नि जबडे लहान होत गेले. तंत्रज्ञान बाहेरून येऊन आपल्याला चिकटलं असं मानणाऱ्यानं एकदा स्वतःच्या दाढा चाचपून पाहाव्यात.

पण इथे थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. सुगरण घरटं विणते त्याची बरीचशी ओढ ती जन्मतःच घेऊन येते. बोरीत जन्मलेल्या मुलाला मानशीचं दार टांगता येत नाही. त्याला हात मिळतात, बघून शिकण्याची विलक्षण ताकद मिळते, आणि बाकी सगळं दुसऱ्या माणसाकडून घ्यावं लागतं. दात वारशानं येतील. बांध येणार नाही. माझं मत असं: तंत्रज्ञान आपल्या स्वभावातच आहे, पण शिकवणारा नसेल तर एका पिढीत हातचं जाईल इतकं नाजूकही आहे.

ते जाताना आम्ही पाहतो आहोत. पूर्वी गावकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणारी संस्था, बांधावर नजर ठेवायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे योग्यच झालं. पण पुढे कसणारेच कमी झाले. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि काही ठिकाणी मासळीसाठी भरतीच्या वेळीही दारं उघडी ठेवली जातात. खारं पाणी आत आलं की माती नासते आणि शेतात खारफुटी उगवते. बांधाच्या नदीकडच्या बाजूला खारफुटी हवीच, ती लाटांचा मारा झेलते. आतली मात्र पडीक शेताची खूण असते. ती पाहून "निसर्ग परतला" असं कोणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. तिथून निसर्ग गेला नव्हता, आणि आता परतला आहे असंही नाही. गेलं ते माणसांचं ज्ञान.

मोबाइलला अनैसर्गिक म्हणून हिणवणारे आमच्या गावातही आहेत. मला ते पटत नाही. मोबाइल आणि मानस दोन्ही माणसाचेच. फरक मला इतकाच दिसतो की मानशीचं दार मोडलं तर गावचा सुतार ते दुरुस्त करू शकतो, आणि ते कधी उघडायचं यावर गाव भांडू शकतं. मोबाइलच्या बाबतीत आपण ही सत्ता कुणाकडे देऊन बसलो आहोत, हा वाद जरूर घालावा.

तोवर माझी मागणी साधी आहे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं मुलांना ओहोटीच्या वेळी जवळच्या मानशीवर न्यावं, आणि दार कसं टांगतात हे ज्याला येतं अशा माणसाला तिथे मानधन देऊन बोलवावं. अशी माणसं अजून आहेत, पण बहुतेकांची सत्तरी उलटली आहे.