पेशंट आत असताना

रिकामी १०८ अँब्युलन्स अपघात दिसला की थांबतेच, त्यात ठरवायचं काही नसतं. पेच पडतो तो आत पेशंट असताना, कारण गाडीत डॉक्टर एकच, म्हणजे मी, आणि दुसरा माणूस स्टिअरिंगवर.

त्या संध्याकाळी मोखाड्याहून नाशिकला निघालो होतो. आत आठव्या महिन्यातली गरोदर मुलगी, झटके येऊन गेलेले, बीपी १७०/११०. झटके रोखणारं मॅगसल्फ दिलेलं होतं: ४ ग्रॅम शिरेतून, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. लोकांना वाटतं, इंजेक्शन दिलं की झालं. खरं काम त्यानंतरचं. डाव्या कुशीवर ठेवायचं, श्वास मोजत राहायचे, गुडघ्याचा रिफ्लेक्स बघायचा. औषध जास्त झालं तर आधी तो जातो, मग श्वास. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशीच ठेवलेलं.

तोरंगण घाटात मोटारसायकल आडवी. एकजण ओरडत होता, दुसरा हलतच नव्हता. पायलटदादा, म्हणजे आमचे ड्रायव्हर, म्हणाले, "मॅडम, कंट्रोलला कळवतो, थांबायला नको." नियमाने त्यांचंच बरोबर. मी तिचे श्वास मोजले, मिनिटाला सोळा. सासूला म्हटलं, "मावशी, हिला कुशीवरून वळू देऊ नका. जरा काही वाटलं तर हाक मारा." आणि उतरले.

गर्दी सगळी पाय मोडलेल्याभोवती. न हलणारा उताणा, घशातून घोरल्यासारखा आवाज, म्हणजे श्वास अडतोय. "प्यायलाय, झोपलाय," म्हणे! ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, एवढंही कुणाला ठाऊक नसावं? मान न हलवता जबडा दोन्ही कोनांतून वर उचलला, तसा आवाज थांबला, छाती नीट भरली. जीपमधल्या एका पोराचे हात तिथे बसवून दिले. "दुसरी गाडी येईपर्यंत सोडायचं नाही." तो म्हणाला, पोलिसांचं लफडं नको. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याच्यापर्यंत ते पोचलेलंच नव्हतं. तरी त्याने धरलं.

मग गर्दीने आमची गाडी अडवली. "हीच घेऊन जा!" स्ट्रेचर एक. पायलटदादांनी मागचं दार उघडून आतलं पोट दाखवलं, तेव्हा वाट मिळाली. तशा अवस्थेतल्या बाईला रस्त्यावर उघडं करून दाखवावं लागतं, याचा संताप अजून जात नाही.

नाशिकपर्यंत तिला झटका आला नाही. त्या पोराने जबडा सोडला नव्हता, हे दुसऱ्या गाडीच्या डॉक्टरांनी कळवलं. पायलटदादांचा प्रश्न मात्र तसाच आहे: "तुम्ही खाली असताना हिला झटका आला असता तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण लायसन्ससाठी आठचा आकडा काढून घेतात, तसा एकदा जबडा उचलायला शिकवला असता, तर मला गाडीतून उतरावंच लागलं नसतं.