तुम्ही विचारलंत म्हणून: टाउनसेंड हॅरिसचा तह आणि एका कलमाचा हिशेब

जपानचे दरवाजे उघडायला लावणारा अमेरिकी आरमारी अधिकारी पेरी, त्याच्याकडे निदान तोफा होत्या; त्याच्यामागून आलेला अमेरिकी वकील हॅरिस, त्यानं १८५८ चा व्यापारी तह जपानच्या गळी कशाच्या जोरावर उतरवला, असं हमखास विचारलं जातं.

स्वतःचा जोर शून्य. ऑगस्ट १८५६ मध्ये अमेरिकी जहाज त्याला शिमोदा बंदरात उतरवून निघून गेलं. ग्योकुसेन्जी देवळात कचेरी, हाताशी हेन्री ह्यूस्केन हा डच दुभाषा. बोलणी जपानीतून डचमध्ये आणि डचमधून इंग्रजीत चालत. तहातही डच प्रतच अस्सल ठरवलेली आहे. शोगुनची, म्हणजे जपानच्या प्रत्यक्ष सत्ताधीशाची, भेट व्हायला डिसेंबर १८५७ उजाडला.

त्यानं वापरली ती इंग्रजांची भीती. चीनमधलं युद्ध आटोपलं की त्यांचं आरमार इकडे वळेल, त्याआधी माझ्याशी ठरवा, अफूबंदीही लिहून देतो, असा त्याचा एकूण सूर. (चीनकडे निघालेल्या इंग्रज फौजा आपल्याकडच्या १८५७ च्या उठावामुळे कलकत्त्याला वळल्या, तो अवधी हॅरिसच्या पथ्यावरच पडला.) चीननं इंग्रजांपुढे नमून केलेल्या तिआनजिनच्या तहाची बातमी आली आणि २९ जुलै १८५८ रोजी पोहाटन जहाजावर सह्या झाल्या, सम्राटाच्या संमतीविना.

इथवर कौतुक रास्त आहे. गोम पाचव्या कलमात आहे: परदेशी नाणं त्याच धातूच्या जपानी नाण्याशी वजनास वजन चालेल, आणि तांब्याखेरीज जपानी नाणी देशाबाहेर नेता येतील. वजनानं चांदीच्या १०० डॉलरला ३११ इचिबू (जपानी चांदीची नाणी) बसत. पण चांदीच्या इचिबूची किंमत शोगुनच्या शिक्क्यावर ठरे, आतल्या चांदीवर नव्हे. देशात चार इचिबूंना एक कोबान, म्हणजे सोन्याचं नाणं, मिळे. म्हणजे ४ डॉलर द्या, १२ इचिबू घ्या, त्यांचे ३ कोबान करा आणि शांघायला विका. हातात साधारण १२ डॉलर. जगात सोन्या-चांदीचं प्रमाण १:१५ च्या आसपास, जपानात जेमतेम १:५. हॅरिस मूळचा व्यापारी. त्याला हे दिसलं नसेल, हे माझ्या गळी उतरत नाही.

जुलै १८५९ मध्ये बंदरं उघडताच सोनं वाहू लागलं. चांदीच्या नाण्याचं वजन वाढवून गळती थांबवावी, तर परदेशी राजदूत तहावर बोट ठेवत. शेवटी १८६० मध्ये कोबानच सुमारे एक तृतीयांश वजनाचा पाडला. गळती थांबली, महागाई मात्र भडकली.