धुरी, मोरी आणि बाळंतिणीचे ताट

फिनाईल, अगरबत्ती, रूम फ्रेशनर किंवा ताज्या रंगाचा वास आला की माझे डोके ठणकू लागते आणि श्वास जड होतो, हे घरच्यांना लग्नापासून ठाऊक होते. परंतु दिवस गेल्यावर नाक अधिकच तिखट झाले. भाजीवर फवारणी असेल, मसाल्यात रंग असेल, या धास्तीने मी एकेक पदार्थ बंद करत गेले आणि चौथ्या महिन्यापर्यंत ताटात वरणभात आणि केळे एवढेच उरले. हिमोग्लोबिन उतरलेले पाहून डॉक्टरांनी एकच विचारले, "जे बंद केले, त्याच्या जागी काय खाता?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्यासारख्यांनी भाजी सोडण्याआधी ती नीट धुऊन पाहावी, असे मी आज आग्रहाने सांगते.

दादरच्या मंडईतून आणलेली मेथी आता आमच्याकडे तीन पाण्यांतून निघते आणि पहिल्या पाण्याच्या तळाशी मातीचा थर दिसतो. द्राक्षे आणि सफरचंदे खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटे ठेवून नंतर वाहत्या नळाखाली धुते. यामुळे सालीवरचा फवारणीचा अंश बराच कमी होतो, आत मुरलेला मात्र जात नाही, म्हणून शक्य तेथे साल काढते. साबण कधीही वापरू नये. रेल्वे रुळांच्या कडेला सांडपाण्यावर वाढणारा पालक मी घेत नाही, कारण पालेभाज्या अशा पाण्यातील जड धातू शोषून घेतात. कार्बाइडने आंबे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तरीही खात्री वाटत नसेल तर कच्चा हापूस आणून घरीच पेंढ्यात अढी लावावी. हळद मात्र हळकुंडे आणून दळून घ्यावी: पिवळेपणा खुलवण्यासाठी तिच्यात लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत आणि शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

वडापाव छापील कागदात बांधून घेणेही सोडले. छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास 2018 च्या नियमांनी मनाई केली आहे. गरम सांबार पातळ पिशवीत न घेता आम्ही स्टीलचा डबा नेतो. नवऱ्याने फोडणीचे काम स्वतःकडे घेतले. खिडकी उघडून, मला बाहेरच्या खोलीत बसवून तो मिरची-हिंगाची फोडणी करत असे आणि वास ओसरल्यावरच मला ताटावर बोलावी. या एका बदलाने माझ्या ताटात पुन्हा दोन भाज्या आल्या. त्यांच्या जोडीला नाचणीची भाकरी आली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

लोहाच्या गोळीचा वास सोसवत नसेल, तरी ती आपल्या मनाने बंद करू नये. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी 180 दिवस रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल दिले जाते, बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. त्रास होत असल्यास डॉक्टरांकडून दुसरा प्रकार मागून घ्यावा.

बाळंतपणासाठी आई कणकवलीहून आली, तेव्हा खरी कसोटी लागली. आमच्याकडे दूध यावे म्हणून बाळंतिणीला मोरीचे कालवण देतात. आईने दादरच्या बाजारातून मोरी आणून ओट्यावर ठेवली आणि मला ती परत न्यायला सांगणे जिवावर आले. मोरी म्हणजे शार्क. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि शिजवल्याने तो जात नाही. सुरमईबद्दलही हीच खबरदारी घ्यावी लागते. आईला मी एवढेच म्हटले की कालवण तुझेच हवे, मासा तेवढा लहान आण. दुसऱ्या दिवशी मांदेली आली, पुढे बोंबील आणि बांगडे आले, आणि कालवणाची चव तशीच राहिली.

धुरीवरून मात्र ती दुखावली. शेगडीत निखाऱ्यांवर ओवा आणि शोपा टाकून त्यांचा धूर घ्यायचा, ही तिच्या आईची रीत. पण त्या धुराने मला दम लागे आणि बाळाच्या नाकाजवळ धूर नको, असे बालरोगतज्ज्ञांनीही सांगितले होते. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने तवा चढवला, ओवा आणि बाळंतशोपा मंद आचेवर भाजल्या, चिमूटभर सैंधव घालून बरणीत भरल्या आणि माझ्या उशाशी ठेवून म्हणाली, "धुरी नको तर नको, पण जेवणानंतर या चावायला चुकायचं नाही गो."